गांजा ओढणाऱ्याने दाढ काढायला जाण्यापूर्वीची तयारी

गेल्या वर्षी धाकट्या भावाची अक्कलदाढ काढायला आम्ही म्हापशाला गेलो आणि दाढ तशीच घेऊन परतलो. भीती मोडावी म्हणून त्याने सकाळी घरून निघण्याआधी गांजा ओढला होता. डॉक्टरांनी त्याची नाडी मोजली, बोलताना त्याची जीभ टाळूला चिकटून टक् टक् वाजते आहे हे ऐकले, दोन प्रश्न विचारले आणि भरलेली सिरिंज पुन्हा ट्रेमध्ये ठेवली. दुसऱ्या खेपेपूर्वी आम्ही जी तयारी केली, ती अशीच वेळ आलेल्या घरांसाठी लिहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे कागद. काय घेतो, गांजा की चरस, चिलमीतून, तंबाखूत मिसळून की खाण्यातून, आठवड्यातून किती वेळा आणि शेवटचे केव्हा, हे खरे खरे लिहून काढावे. त्याखाली चालू औषधे लिहावीत. रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी चालू असेल तर ती ठळक लिहावी, कारण गांजामुळे तिचा परिणाम वाढून रक्त थांबायला वेळ लागू शकतो. मात्र ती गोळी आपल्या मनाने बंद करू नये. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा बाळगणे आणि ओढणे हा गुन्हा असल्यामुळे घरोघरी या विषयावर तोंडे मिटलेली असतात. डॉक्टर मात्र हे उपचारासाठी विचारतात आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे त्यांचे कर्तव्य आहे. आईबाबांसमोर बोलवत नसेल तर मुलाने एकट्याने आत जाऊन कागद त्यांच्या हाती द्यावा.

तारीख ठरली की किती दिवस गांजा बंद ठेवायचा हे डॉक्टरांनाच विचारावे. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी तर तो मुळीच घेऊ नये. दाढ सुन्न करण्याच्या इंजेक्शनात लिग्नोकेनबरोबर बहुधा अ‍ॅड्रिनलिन असते, साधारण ८०,००० भागांत एक भाग. गांजाने हृदयाचे ठोके आधीच वाढलेले असताना त्यावर अ‍ॅड्रिनलिन गेले की ठोके आणखी चढतात, छाती धडधडते आणि घाबरलेला माणूस अधिकच घाबरतो. गुंगी देऊन काम करायचे असेल तर रोज ओढणाऱ्याला औषधाची मात्रा जास्त लागू शकते, म्हणूनही खरे सांगणे भाग आहे. शिवाय नशेत दिलेल्या संमतीला काही अर्थ राहत नाही. गांजा किंवा भांग खाल्ली असेल तर ती उशिरा चढते आणि कितीतरी तास उतरत नाही, त्यामुळे ‘सकाळी थोडीच खाल्ली’ हा हिशोब चालत नाही. रोजची सवय एकाएकी थांबली की चिडचिड होते, झोप उडते. ती सोसवत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे किंवा गोव्यात बांबोळीच्या मनोविकार संस्थेत जावे, त्यात कमीपणा काहीच नाही.

तोंडाची तयारी आठवडाभर आधी सुरू करावी. गांजामुळे लाळ कमी सुटते आणि लाळ कमी झाली की दात किडण्यापासून वाचवणारी राखण जाते. त्यात ओढल्यानंतर गोड खाण्याची हाव सुटते. म्हणून पाण्याची बाटली जवळ ठेवून घोट घोट प्यावे, बिनसाखरेचे च्युइंगम चघळावे, फ्लोराइडच्या पेस्टने रात्री न चुकता दात घासावेत, अल्कोहोल असलेला माउथवॉश टाळावा. फेणीही नको, तिने तोंड अधिकच कोरडे पडते. हिरड्यांकडेही पाहावे. न्यूझीलंडमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे ९०० जणांच्या पाहणीत, जी २००८ साली प्रसिद्ध झाली, तंबाखूचा परिणाम वगळूनही नियमित गांजा ओढणाऱ्यांमध्ये वयाच्या बत्तिशीतच हिरड्यांची दातांवरची पकड सुटण्याचे प्रमाण जास्त आढळले. घासताना रक्त येत असेल तर तेही कागदावर लिहावे.

त्या दिवशी फक्त सुन्न करूनच काम असेल तर हलके खाऊन जावे, आमच्याकडे पेज होती. गुंगी देणार असतील तर उपाशीपोटी राहण्याची वेळ डॉक्टरांकडून आधी विचारून घ्यावी. स्कूटर घरी ठेवून जाणते माणूस बरोबर न्यावे.

दाढ काढल्यावर तोंडात दिलेली गॉजची घडी सांगितलेला वेळ दाबून धरावी. त्या खड्ड्यात जमलेली रक्ताची गुठळी हेच जखमेचे झाकण असते. झुरक्याच्या ओढीने ती निसटली की हाड उघडे पडते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणकणारी वेदना सुरू होते. किमान तीन दिवस चिलीम, सिगारेट, स्ट्रॉ आणि जोराची चूळ टाळावी; जखम पूर्ण भरेपर्यंत ओढलेच नाही तर उत्तम. टाके काढायला जाल तेव्हा जिभेच्या कडा आणि गालाचा आतला भाग डॉक्टरांकडून तपासून घ्यावा, आणि दोन आठवड्यांत न जाणारा पांढरा चट्टा दिसला तर बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात दाखवावा.