संस्थेचं वर्ष चार वेळा सुरू होतं

नवी मुंबईत तुर्भे स्टोअरच्या वस्तीत आमच्या संस्थेच्या दोन अभ्यासिका आहेत, दिघ्यात एक. नाक्यावर, एपीएमसी मार्केटात, एमआयडीसीत काम करणाऱ्यांची मुलं शाळा सुटली की येतात. सहा वर्षं मी तिथे शिकवत होते. मग संस्था चालवणाऱ्या काकांनी तब्येतीमुळे काम सोडलं आणि दोन कपाटांच्या किल्ल्या, चेकबुक आणि ट्रस्टची लाल फाइल माझ्या स्वाधीन केली. शिकवता येतं म्हणजे संस्थाही चालवता येईल, अशी माझी समजूत होती. अशाच समजुतीने या खुर्चीत नव्याने बसणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

पहिल्याच वर्षी ठाण्यात एका प्रशिक्षणाला गेले. दोन दिवसांत भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून तीन वर्षांचा आराखडा तयार. त्यात मी ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘मे महिन्यात सर्व मुलांची वाचनचाचणी.’ मेच्या पहिल्या सोमवारी चाचणीचे गठ्ठे घेऊन तुर्भ्याला उतरले, तर खोलीत चार मुलं. त्यातलं एक शेजारच्या बाईंचं, जेमतेम तीन वर्षांचं. बाकीची बीडला, जालन्याला, जौनपूरला. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, पण आमची वस्ती भरायला जूनचा शेवटचा आठवडा उजाडतो. सहा वर्षं तिथे शिकवणारीला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण आराखडा लिहायला बसले आणि मुलं डोक्यातून गेली, रकाने तेवढे उरले.

त्या संध्याकाळी आमच्या एका शिक्षिका ताईंनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून माझ्यापुढे टाकलं. म्हणाल्या, ‘आधी यावर लिहा, मग कंप्युटरवर.’ तेव्हापासून आमचं नियोजन कॅलेंडरवर चार रंगांत होतं, कारण संस्थेचं वर्ष एकदा सुरू होत नाही, चार वेळा होतं. सरकारी कागदांचं एप्रिलला, शाळेचं जूनला, वस्तीचं लोक गावाहून परततील तेव्हा. आणि देणगीदार कंपन्यांचं? कागदोपत्री तेही एप्रिललाच, पण खरी हालचाल जानेवारीपासून.

कागदांचा रंग लाल. या तारखा हलत नाहीत, म्हणून त्या सगळ्यांत आधी लिहायच्या. ८०जीची, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती देत असाल तर कोणी किती दिलं याचं विवरण आयकर खात्याकडे ३१ मेपर्यंत जायला हवं. चुकलं तर दिवसाला २०० रुपये. म्हणजे देणगीदारांचे पॅन नंबर एप्रिलमध्येच गोळा हवेत, २९ मेला फोन करत बसायचं नाही. ऑडिट ३० सप्टेंबरच्या आत. आता सप्टेंबरच्या आसपास काय असतं? गणपती. सीए, त्याचा असिस्टंट आणि आमच्या हिशेबनीस बाई, तिघेही गावी. म्हणून आमची व्हाउचरं जुलैअखेर सीएकडे पोहोचलेली असतात. नवा आयकर कायदा आल्यापासून कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा जुन्या फाइलवरून फॉर्म भरू नका, सीएला विचारा.

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक याच रंगातली. आमचे दोन विश्वस्त बदलले, ठराव झाला, पेढे वाटले आणि चेंज रिपोर्ट द्यायचा राहिला. बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो धर्मादाय कार्यालयात दाखल करायचा असतो. मला वाटलं, मिनिट बुकात नोंद आहे, झालं. जानेवारीत एका कंपनीने देणगीआधी कागद मागितले. ट्रस्टच्या उताऱ्यावर जुनीच नावं, त्यातले एक गृहस्थ तर वारलेले. मग उशीर माफ करण्याचा अर्ज, वकिलाची फी, हेलपाटे. पैसे १९ मार्चला खात्यात आले.

१९ मार्चला आलेल्या पैशांचं काय करायचं, हे नवख्या माणसाला कळत नाही. कंपन्यांनाही त्या वर्षीचा सीएसआर, म्हणजे कायद्याने समाजकार्यासाठी काढून ठेवायचा पैसा, त्याच वर्षात खर्च झालेला दाखवायचा असतो, म्हणून शेवटच्या तिमाहीत फोन सुरू होतात. यावर आम्हाला सापडलेला मार्ग असा: करारातच काम एकाहून जास्त वर्षांचं, म्हणजे ‘चालू प्रकल्प’ म्हणून लिहून घ्यायचं. मग उरलेली रक्कम कंपनी वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवते आणि ते काम पुढे चालू राहतं. अर्थात हे ऑक्टोबरात बोलायचं. मार्चमध्ये कोणालाच ऐकायला वेळ नसतो. सीएसआर घ्यायचा तर संस्थेची केंद्राच्या कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी लागते, तीही आधीच करून ठेवावी.

आणि नाही म्हणायला शिकावं. एका फेब्रुवारीत आम्हाला वीस शिलाई मशीन देऊ केली गेली. खोली दहा बाय पंधराची, तिन्हीसांजेला तिथे पन्नास मुलं. मशीन ठेवायची कुठे, शिकवणार कोण, बिघडली तर दुरुस्तीचे पैसे कोण देणार? तरी दोन रात्री मला झोप नव्हती, कारण त्यासोबत पगारांचे पैसेही येणार होते. नाही म्हटलं. पुढचे चार महिने हात आखडून काढले. निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं. आमच्या एका विश्वस्तांना तसं वाटत नाही.

आता वेळेबद्दल. यावर लोक ॲप सुचवतात. मी शाळेची शंभर पानी वही घेतली, अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने आखले आणि दोन आठवडे पेन्सिलने लिहीत गेले. गाडीतसुद्धा, ठाणे ते तुर्भे. पंधराव्या दिवशी बेरीज केली तेव्हा लाज वाटली. सर्वांत जास्त वेळ गेला होता देणगीदारांना व्हॉट्सॲपवर फोटो निवडून पाठवण्यात. त्याखालोखाल, ‘ताई, पाच मिनिटं आहेत का?’ ही पाच मिनिटं सरासरी पंचवीसची निघाली. आणि त्यातले निम्मे प्रश्न किल्लीचे किंवा पैशांचे होते: ट्यूबलाइट गेली, खडू संपले, झेरॉक्सचे दोनशे द्या.

चूक माझीच, कारण दोन्ही किल्ल्या माझ्या पर्समध्ये. मग प्रत्येक केंद्राला स्वतःची किल्ली आणि महिन्याला तीन हजारांची रोकड दिली, पावत्या महिनाअखेर. पहिल्या महिन्यात एका केंद्रात चारशेचा हिशेब लागेना. सापडला, एका पावतीवर चहा सांडला होता. फोटो आता महिन्यातून एकदा जातात, पाच तारखेला. एकाही देणगीदाराने तक्रार केली नाही, त्यामुळे आधीचे रोजचे फोटो पाहत तरी कोण होतं असा प्रश्न पडतो. गुरुवारी अकरापर्यंत माझा फोन कपाटात. तेवढ्या वेळात पुढच्या तीन महिन्यांचं कॅलेंडर बघायचं, बाकी काही नाही. दर गुरुवारी जमतं असं नाही.

एक वर्ष मात्र माझ्या चार रंगांत बसलेलं नाही. खोलीचा भाडेकरार ११ महिन्यांचा असतो. पहिला १ जुलैला सुरू होऊन मेअखेर संपला, दुसरा एप्रिलअखेर. तिसरा नेमका ३१ मार्चला संपतोय, आणि घरमालकांना भाडं वाढवून हवंय.