दिवाळीआधीच पोरांना गाठा

नंदुरबार जिल्ह्यात शहादा-तळोद्याकडच्या जिल्हा परिषद शाळेत नव्याने रुजू झालेल्यांसाठी लिहितेय. 'पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही' हे वाक्य आधी विसरा. कळतं त्यांना. अडतं ते कापूस वेचणीच्या नि ऊसतोडीच्या हंगामाला.

दसऱ्यानंतरची हजेरी काढा. लागोपाठ गैरहजर राहणारं पोर परत आलं की त्याची बोटं बघा. सुकलेल्या बोंडांच्या टोकांनी नखांच्या कडेला ओरखडे असतील, तर ते कापूस वेचायला जातंय. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, म्हणून लहान हातही धरले जातात. मुलगी असेल तर विचारा, घरी तान्हं कोण सांभाळतं? त्याची अंगणवाडीत सोय लावा, नाहीतर भावाला कडेवर घेऊन वर्गात बसू द्या. साहेबांनी नाक मुरडलं तर मुरडू दे.

घरी संध्याकाळी जा, दिवसा कुलूप असतं. भाषण नको. चहा घ्या आणि विचारा, ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली का? गुजरातेत बारडोलीकडे जाणार की अजून कुठं? मागे आजी राहतेय का? आजी राहत असेल तर पोर थांबू शकतं. आईबाप बाहेर गेल्यावर पोरांची गावातच सोय करणाऱ्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव दिवाळीच्या सुट्टीआधीच पाठवा. ऊसतोडीची गाडी गेल्यावर कागद हलवून काय उपयोग?

जाणारच असतील तर शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या पोराला तिकडच्या शाळेत दाखवायचं कार्ड, भरून हातात द्या. दाखला उशिरा आला म्हणून दुसऱ्या शाळेला प्रवेश लांबवता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ पालकांना तोंडपाठ करून द्या. तरी तिकडची शाळा गुजराती, आपली मराठी, घरात पावरी बोली. या ओढाताणीत बोलकं पोरही मुकं होतं. म्हणून शक्यतो इथंच ठेवायचं बघा. पटावरून नाव तर मुळीच काढू नका.

होळीला सातपुड्यातली माणसं कुठूनही गावी येतात. तेव्हा पाड्यावर जा. त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे पोराला वयानुसार वर्ग आणि विशेष प्रशिक्षण मिळायला हवं. पाचवीच्या वयाचं पोर तिसरीत बसवलंत तर लाजेनंच पळेल. आल्या आल्या चाचणी घेऊ नका. बापानं उचल किती घेतली, त्यातली किती फिटली, हे त्याला ठाऊक असतं. वजाबाकी तिथून सुरू करा.