नाताळातील पदवीधरांच्या प्रश्नमंजूषेचा माग कसा ठेवावा

ब्रिटनच्या बीबीसी टू वाहिनीवर २०११पासून नाताळाच्या सुमारास ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ या प्रश्नमंजूषेची जी खास स्पर्धा होते, तिच्यात नामवंत माजी विद्यार्थी आपापल्या विद्यापीठांसाठी उतरतात. लातूर-नांदेडच्या शिकवणीवर्गांत उणे गुणांचा धाक अनुभवलेल्यांना तिची रीत लगेच उमगेल. वहीत दोन संघांसाठी दोन रकाने आखावेत. सलामीच्या प्रश्नाला १० आणि त्यानंतरच्या तीन पूरक प्रश्नांना प्रत्येकी ५ गुण असतात. प्रश्न संपण्याआधीच घंटी दाबून चुकल्यास ५ वजा होतात. येथे नुसते जिंकून भागत नाही, कारण पहिल्या फेरीतील सात विजेत्यांपैकी सर्वाधिक गुणांचे चारच संघ उपांत्य फेरीत पोहोचतात; म्हणून विजेत्यांचे गुण वेगळ्या पानावर उतरत्या क्रमाने मांडावेत. तिकडचे रात्रीचे साडेआठ म्हणजे आपले रात्रीचे दोन; जागरण खंडोबासाठी राखावे आणि निकाल सकाळी पाहावा.