घळीत शिरायचं तर आधी तिथी बघा

पुण्याचे मित्र फोन करतात, "शनिवारी येतोय, समुद्रातल्या गुहा दाखव." मी विचारतो, "शनिवारी तिथी कुठली?" त्यांना वाटतं, मी उपास-तापास करायला लागलो. पण आमच्या सिंधुदुर्गातल्या निवती-भोगव्याच्या कड्यांखालच्या घळी असोत, वेंगुर्ल्याजवळचा कोंडुरा असो की भर समुद्रातली वेंगुर्ला रॉक्सची बेटं, कधी जायचं हे चंद्र ठरवतो, आपली रजा नाही.

गणित सोपं आहे, माझ्या काकांनी मला चौथीत शिकवलं. तिथीला तीनने गुणा, चाराने भागा. येईल तो भरतीचा तास. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे पहाटे तीनला पाणी पूर्ण भरणार आणि सव्वासहा तासांनी, नऊच्या पुढेमागे, पूर्ण ओहोटी. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच. हा हिशेब मुंबईचा. आमच्याकडे पाणी थोडं आधी भरतं, म्हणून आम्ही आठलाच तयार असतो. शिवाय दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या उतरत नाहीत. तेव्हा तिथीवरून दिवस ठरवा, पण नेमकी वेळ आणि उंची भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकात बघाच.

मग पौर्णिमा-अमावास्येलाच का जाऊ नये? उधाणाला पाणी सगळ्यात खाली जातं हे खरं, पण ती ओहोटी येते पहाटे पाच-साडेपाचला, नाहीतर दिवस मावळताना. अंधारात खडपावर चालायची हौस मला नाही. अष्टमीला उलटं. तेव्हा भांग असतो, पाणी धड भरत नाही, धड उतरत नाही आणि ओहोटी येते ऐन दुपारी, समुद्राकडून खारा वारा सुटल्यावर. म्हणून द्वितीया ते चतुर्थी. पाणी अजून बऱ्यापैकी उतरतं, उजेड असतो आणि सकाळचा मतलई वारा जमिनीकडून वाहत असल्याने समुद्र दबलेला असतो. महिने म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात या वाटेला फिरकूही नका.

ओहोटीच्या तासभर आधी घळीच्या तोंडाशी पोचा आणि लगेच आत घुसू नका. बाहेर बसा, चहा प्या. वीस मिनिटं नुसत्या लाटा बघा. ओहोटी म्हणजे शांत पाणी नव्हे. दूर कुठे वारा झाला असेल तर त्याच्या लाटा इथे दुसऱ्या दिवशी येऊन थडकतात. दहा-बारा बारक्या लाटांनंतर तीन-चार मोठ्या येतात. त्यातली सगळ्यात मोठी कुठपर्यंत चढते ते खडकावर हेरून ठेवा. तुमची उभं राहायची जागा त्याच्या वर नसेल तर त्या दिवशी आत जायचं नाही.

आत गेल्यावर आधी भिंत वाचायची. खालचा खडक हिरवा, शेवाळी. त्याच्या वर कालवांचा, म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांचा, खरबरीत पांढुरका पट्टा. त्याच्याही वर कोरडा, काळपट दगड. कालवांची रेघ म्हणजे रोजच्या भरतीची रेघ. ती गुडघ्याला असेल तर ठीक. डोक्याच्या वर असेल तर लक्षात घ्या, सहा तासांनी तुम्ही उभे आहात तिथे पुरुषभर पाणी असणार. आणि छतापर्यंत सगळंच ओलं, कोरडा दगड कुठेच नाही, अशी घळ मी तोंडावरूनच बघतो. अशा घळीत लाट आत आली की मागची हवा कोंडते आणि पाण्यासकट उलटी बाहेर फेकली जाते. गुहागरजवळ हेदवीची बामणघळ भरतीच्या वेळी वरून बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

पायात जुने कापडी बूट हवेत. चपला नकोत. एकदा मी चपलेवर गेलो, लाट परतताना डावी चपल घेऊन गेली आणि तळवा कालवावर आला. कालवाची धार नवी पाती. जखम लगेच गोड्या पाण्याने धुतली नाही, पंधरा दिवस चिघळली. बॅटरी कपाळाला बांधायची, हात मोकळे राहतात. आणि काकांचं एकच सांगणं, "समुद्राक पाठ दाखवू नको." फोटोसाठी सगळे नेमके तेच करतात.

पाणी फिरलं की निघायचं. पहिल्या तासात ते जेमतेम चढतं, बाराव्या हिश्शाएवढं, म्हणून माणूस फसतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मी भरती येते. तेव्हा परतीची वाट आधीच बुडालेली असते.

बेटांवरच्या गुहेची गोष्ट वेगळी. वेंगुर्ला रॉक्सला जायचं तर होडी निवतीच्या माहितगार तांडेलाची, म्हणजे नाखव्याची, घ्या, लाइफ जॅकेट प्रत्येकाला, आणि किनाऱ्यावर कोणाला तरी परतायची वेळ सांगून निघा. तिथल्या गुहेत पाकोळी पक्ष्यांची वसाहत आहे. लाळेने चिकटवलेली, अर्ध्या वाटीसारखी त्यांची घरटी. परदेशात त्यांचं सूप करतात म्हणून ती चोरून खरवडली जायची. आता तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. इथे आत शिरायचंच नाही. उजेड पडला, आरडाओरडा झाला की पाखरं घरट्यांवरून उठतात.

तोंडापासून लांब होडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, बोलणं बंद. पाकोळ्या बाणासारख्या आत घुसताना दिसतात. आतल्या मिट्ट काळोखात त्या टकटक आवाज काढतात आणि प्रतिध्वनीवरून भिंत ओळखतात. लाटेच्या दोन आपटण्यांमध्ये कान दिला तर तो आवाज कधीकधी बाहेर ऐकू येतो, कोणीतरी नखाने कंगव्याचे दात ओढावेत तसा. दहा मिनिटं ऐका. तोवर होडी खडकाकडे सरकायला लागलेली असते, आणि काका काही न बोलता वल्हं उचलतात.