टर्बोचं बूस्ट वाढवण्याआधी काय काय बघायचं

बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो तो हवेचा दाब, वाढवायचं मनात पक्कं झालं असेल, तर आधी बॉनेट उघडून वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला बगल देऊन सोडणारी झडप) कशावर चालतो ते शोधा. टर्बोला चिकटलेली डबी, तिच्यातून निघालेली दांडी आणि डबीला जाणारी रबरी नळी दिसली, तर तो हवेच्या दाबावर चालतो. नळीऐवजी नुसतं वायरिंग असेल, जसं फोक्सवॅगनच्या १.० टीएसआयला आहे, तर मॅन्युअल कंट्रोलर लावायला जागाच नाही. डिझेल गाड्यांचा हिशेब वेगळा आहे, त्यात मी शिरत नाही. माझी गाडी लिनिया टी-जेट, म्हणून जे लिहितोय ते टर्बो पेट्रोलबद्दल.

मॅन्युअल कंट्रोलर म्हणजे पितळी नळकांडं, आत एक गोळी आणि स्प्रिंग. नाशिकच्या अंबडचा कुठलाही चांगला टर्नर लेथवर काढून देईल, इतकी साधी वस्तू. टर्बोकडून डबीकडे जाणाऱ्या नळीत तो बसतो आणि ठरलेल्या दाबापर्यंत हवा अडवून धरतो. डबीला दाब उशिरा कळतो, वेस्टगेट उशिरा उघडतो, बूस्ट चढतं. पण ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, यातलं काहीच सांगितलेलं नसतं. इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) जुन्याच हिशेबाने चालतं, आणि दाब तो मोजणाऱ्या मॅप सेन्सरच्या मोजमापाबाहेर गेला की पेट्रोलचा अंदाजही चुकतो. मग एक तर ईसीयू इंधन तोडतो आणि ओव्हरबूस्टचा कोड टाकतो, नाहीतर इंजिन नॉक करायला लागतं, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून आत ठोके बसतात. माझ्या एका मित्राच्या गाडीत एका पिस्टनची रिंग बसते ती कड फुटली. इंजिन उघडेपर्यंत आम्ही दोघंही क्लचवर संशय घेत होतो.

नाशिककरांनी एक गोष्ट जास्त ध्यानात घ्यावी. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहोत, इथे हवेचा दाब ०.९४ बारच्या आसपास. गोळी-स्प्रिंग बाहेरच्या हवेच्या तुलनेतच दाब ओळखते. म्हणजे इथे १ बारवर लावलेला कंट्रोलर कसारा घाट उतरून ठाण्यात गेल्यावरही १ बारच देणार, पण इंजिनात जाणारा एकूण दाब १.९४ चा २.०१ होणार. इथे मर्यादेच्या जेमतेम आत असलेली गाडी तिथे इंधन तोडू शकते. थंडीचंही तसंच. मे महिन्यातल्या दुपारी लावलेलं सेटिंग डिसेंबरात निफाडच्या पहाटे तेवढाच दाब दाखवेल, पण हवा दहाएक टक्क्यांनी घट्ट असेल. ट्यूनिंग केलेला, म्हणजे वाढीव दाबासाठी आतले हिशेब बदललेला ईसीयू हे सगळं सेन्सरवरून बघून बूस्ट सावरतो, स्क्रूला ते जमत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: रोजच्या गाडीला ईसीयूचं ट्यूनिंगच करा. मॅन्युअल कंट्रोलर त्या गाडीला शोभतो, जिचा ईसीयू त्या वाढीव दाबासाठी आधीच ट्यून झाला आहे.

आता तयारी. दोन्ही रस्त्यांना ती सारखीच लागते, आणि पैसे आधी इथे खर्च करावेत. कॉम्प्रेशन टेस्ट करून चारही सिलिंडरचे आकडे वहीत लिहा. एकमेकांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर बूस्टचा विचार बाजूला ठेवून आधी इंजिन बघा. मग इनटेकमध्ये धूर भरून गळती तपासा. इंटरकूलरच्या नळ्यांच्या क्लिपा, कडक झालेलं रबर, डबीची दांडी अडकते का, हे त्याच दिवशी होतं. डबीकडे जाणाऱ्या नळीची दोन्ही टोकं नव्या क्लिपांनी आवळा, कारण ती नळी सुटली तर वेस्टगेट उघडतच नाही आणि बूस्टला धरबंध राहत नाही. प्लग एक पायरी थंड प्रतीचे घ्या, गॅप थोडी कमी करा. ऑइल नवीन, कुलंट नवीन. क्लच चौथ्या गिअरमध्ये घसरत असेल तर तोही आत्ताच, आणि ब्रेकचं सांगायला नको.

इंटरकूलरकडे मात्र नीट वेळ द्या. बाहेर ४० अंश असताना ०.६ बारला टर्बोतून हवा साधारण १०५ अंशांवर बाहेर पडते, १ बारला १४० च्या घरात जाते. टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरून केलेला हा हिशेब आहे. तो सगळा ताप इंटरकूलरनेच काढायचा असतो. पंखांत चिखल-किडे बसले असतील तर मागून पाणी मारून धुवा.

मीटर दोन हवेत: बूस्ट गेज आणि वाइडबँड (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा). वाइडबँडसाठी एक्झॉस्टला सेन्सर बसवायचा एम१८ आट्यांचा बॉस वेल्ड करून घ्यावा लागतो. सातपूरला हे काम सहज होतं. रीडिंग लॅम्डामध्ये ठेवा, म्हणजे नेमकं पूर्ण जळणारं मिश्रण १ धरून. ई२० पेट्रोलला हवा-पेट्रोलचं १४.७ चं जुनं प्रमाण लागू होत नाही, ते १३.५ च्या आसपास येतं, त्यामुळे जुने आकडे पाठ असतील तर फसगत होते. भार पूर्ण असताना लॅम्डा ०.८ च्या जवळपास हवा. पेट्रोल कुठलं भरणार तेही आधी ठरवा. एक्सपी१०० (इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं पेट्रोल) वर ट्यून केलेली गाडी गडबडीत साध्या पेट्रोलवर पळवायची नाही.

ट्यूनरकडे जाण्याआधी गाडी आहे तशी ठेवून लॉग, म्हणजे चालत्या गाडीच्या ईसीयूमधल्या नोंदी, काढा: बूस्ट, टायमिंग, फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलात करतो ती कमी-जास्त), आत येणाऱ्या हवेचं तापमान. ट्यूनरला विचारा की ईसीयूची मूळ फाइल जपून मला देणार का, आणि माझ्या गाडीचा लॉग बघून बदल करणार की तयार फाइल टाकणार. दुसरं उत्तर आलं तर मी तिथून परत निघेन.

कागदपत्रंही विसरू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनीला लेखी विचारा, वॉरंटी असेल तर ती गेली असं समजा.

चाचणी डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच रोलरवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर. गंगापूर रोडवर किंवा हायवेच्या फ्लायओव्हरवर नाही, तिथे लोकांची लेकरं असतात. मॅन्युअल कंट्रोलर असेल तर स्क्रू पूर्ण सैल करून सुरुवात करा, एका वेळी एकच पीएसआय (सुमारे ०.०७ बार) वाढवा, आणि प्रत्येक फेरीनंतर लॉगमध्ये टायमिंग मागे खेचलं गेलं का ते बघा. खेचलं असेल तर एक पीएसआय खाली या आणि तिथेच थांबा. पाचशे किलोमीटर झाले की प्लग काढून उन्हात धरा. पांढऱ्या चिनीमातीवर काळे किंवा चमकणारे बारीक ठिपके दिसले, तर ते नॉकिंगचे असतात आणि चमकणारे पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे. त्या दिवशी गाडी घरी मूळ बूस्टवरच न्या.