नोकरीच्या शोधातून बेरोजगारीचा दर कसा समजून घ्यावा

जागा रिकाम्या असतानाही माणसे बेरोजगार का राहतात, हे तपासताना आधी शोधणाऱ्याचा किमान स्वीकार्य पगार पाहावा. म्हणजे ज्याच्या खालची नोकरी नाकारून आणखी थांबणे त्याला परवडते, तो आकडा. बचत किंवा बेकारी भत्ता असल्यास हा आकडा वर सरकतो आणि शोध लांबतो. याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे.

यानंतर दोन प्रवाह मोजावेत. दरमहा नोकरदारांपैकी १ टक्का लोक नोकरी गमावत असतील आणि बेरोजगारांपैकी १९ टक्के लोकांना ती मिळत असेल, तर १ ला दोन्हींच्या बेरजेने, म्हणजे २० ने, भागून येणाऱ्या ५ टक्क्यांवर बेरोजगारीचा दर स्थिरावतो. नोकरी मिळण्याचे प्रमाण ९ टक्क्यांवर घसरले, तर नोकरकपात जराही न वाढता तोच दर १० टक्के होतो.

शोध मालकांच्या बाजूनेही चालतो (या मांडणीसाठी पीटर डायमंड, डेल मॉर्टेन्सन आणि ख्रिस्तोफर पिसारिडीस यांना २०१० मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले), म्हणून रिकाम्या जागांचे बेरोजगारांशी गुणोत्तर काढावे. जागा भरपूर असून दर चढाच असेल, तर कौशल्य, ठिकाण किंवा माहिती यांपैकी जुळणी कुठे अडते, ते पाहावे.