कोर्स बदलला आणि शिष्यवृत्ती गेली : या चुका टाळा

ऑगस्ट उजाडला की आमच्या खिडकीवर तोच प्रश्न सुरू होतो. "सर, मी कोर्स बदललाय. माझी स्कॉलरशिप येईल ना?" विचारणारा मुलगा बदल करून मोकळा झालेला असतो. बदलायच्या आधी विचारायला येणारे फार थोडे, आणि त्यांचं काम बहुतेक वेळा होऊन जातं.

सोलापुरातल्या एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीचं काम मी बरीच वर्षं बघतोय. मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याहून एसटीने येणारी मुलं, शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगारांची मुलं, कुंभारीहून येणाऱ्या विडी कामगारांच्या मुली. यांच्या घरी शिष्यवृत्ती थांबली की दुसऱ्या महिन्यात मुलगा कुठल्यातरी दुकानात कामाला लागलेला दिसतो. म्हणून हे तळमळीने लिहितोय. कोर्स बदलण्यात काहीच गैर नाही. सतराव्या वर्षी घेतलेला निर्णय अठराव्या वर्षी चुकीचा वाटू शकतो. पण शिष्यवृत्ती मंजूर होते ती एका ठरावीक प्रवेशावर. हे कॉलेज, हा अभ्यासक्रम, हे वर्ष. यातलं एक जरी हललं तरी जुनी मंजुरी नव्या प्रवेशाला आपोआप लागू होत नाही, हे मुलांना कुणी सांगतच नाही.

न सांगता कोर्स सोडणे

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं, म्हणून आधी हीच घेतो.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी जी भारत सरकार मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरची, शिष्यवृत्ती आहे (कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत), तिच्या नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. राज्य शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय विषय किंवा संस्था बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. प्राचार्यांनी असं प्रकरण कळवून रक्कम थांबवायची असते, आणि आधी दिलेली रक्कमही शासन परत मागू शकतं. वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडलं तरी वसुलीची तीच तरतूद आहे. मुलांना 'पूर्वपरवानगी' हा कागदावरचा उपचार वाटतो. वसुलीचं पत्र घरी आलं की मग धावपळ सुरू होते.

मोहोळ तालुक्यातल्या एका मुलाचं सांगतो. वडील गवंडीकाम करणारे. मुलाने शेजारच्या जिल्ह्यात इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला, मेकॅनिकलला. पहिल्या सत्रात गणितात अडकला, दिवाळीला घरी आला तो परत गेलाच नाही. परीक्षेलाही बसला नाही. कॉलेजला ना अर्ज, ना फोन. पुढच्या जूनमध्ये आमच्याकडे बी.एस्सी.ला नाव घातलं. जुनं कॉलेज सोडल्याचा दाखला नंतर आणतो असं सांगून तात्पुरता प्रवेश मिळवला. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला गेला नेट कॅफेत. कॅफेवाल्याने महाडीबीटीचं, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचं, जुनं लॉगिन उघडलं, समोर रिन्यूअल दिसलं, तेच दाबलं. अर्ज गेला थेट जुन्या कॉलेजला, दुसऱ्या वर्षाचा म्हणून.

तिथून सगळं उलगडत गेलं. आदल्या वर्षीचा भत्ता मुलाच्या खात्यात जमा झालेला होता आणि खर्चही झालेला होता. फी मात्र वर्षाच्या शेवटी अडकलेली, कारण मुलगा परीक्षेला नव्हता. जुन्या कॉलेजने सांगितलं, अख्ख्या वर्षाची फी भरा, मग दाखला न्या. दाखला नाही म्हणून आमच्याकडे विद्यापीठाची पात्रता, म्हणजे प्रवेशाला विद्यापीठाची मान्यता, होईना. पात्रता नाही म्हणून नवा अर्ज पुढे सरकेना. वडील कामाचा खाडा करून आले. खिडकीशी उभे राहून म्हणाले, "साहेब, पोरगं शिकायलंय की. मग पैसे परत कशाला मागायलेत?" त्या माणसाला नियम समजावून सांगताना फार अवघड झालं, कारण त्यांच्या बाजूने ते बरोबरच बोलत होते.

शेवटी त्यांनी दोन शेळ्या विकल्या आणि फीचे हप्ते पाडून घेतले. जुन्या कॉलेजचा दाखला, तिथल्या प्राचार्यांचं पत्र, आमच्या प्राचार्यांचं पत्र, हे सगळं जोडून प्रकरण सात रस्त्याच्या समाज कल्याण कार्यालयात गेलं. पुढच्या वर्षी नवा अर्ज मंजूर झाला. मधल्या वर्षाचे पैसे मात्र मिळाले नाहीत.

आता माझी पद्धत सांगतो. कोर्स सोडायचं मनात आलं की त्याच आठवड्यात प्राचार्यांच्या नावे एक पानी अर्ज करायचा. त्यात शिष्यवृत्तीचा अर्ज क्रमांक, कोणत्या तारखेपासून सोडतोय, का सोडतोय आणि पुढे कुठे प्रवेश घ्यायचा आहे, एवढंच लिहायचं. तीन प्रती काढायच्या आणि एका प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेऊन ती स्वतःजवळ ठेवायची. मी हा अर्ज हाताने लिहायला लावतो, तयार फॉरमॅट देत नाही. लिहिताना मुलाला आपला अर्ज क्रमांक आणि आपली तारीख स्वतः बघावी लागते. खाली पालकाचीही सही घेतो. पुष्कळ घरांत मुलाने कॉलेज सोडलंय हे आईवडिलांना त्या सहीच्या वेळी कळतं, आणि ते तेव्हाच कळलेलं बरं.

परवानगीचं उत्तर यायला वेळ लागतो. तेवढं थांबायची मुलांची तयारी नसते. 'प्रवेशाची तारीख जाईल' असं म्हणतात. तारीख जवळ असेल तर प्रवेश घ्या, पण शिक्का मारलेला अर्ज हातात ठेवून घ्या. तो कागद असला की पुढे तुमची बाजू मांडता येते. तो नसला की नुसत्या तोंडी सांगण्यावर कुणी काही करू शकत नाही.

जुन्या अर्जाचं रिन्यूअल

कोर्स बदलला की अर्ज नव्याने भरायचा. आधी प्रोफाइलमध्ये जाऊन सध्याच्या अभ्यासक्रमाची माहिती बदला. जुना अभ्यासक्रम कुठवर झाला आणि मध्ये किती वर्षांचा खंड पडला, ते खरं लिहा. खंड लपवणारी मुलं मला बघवत नाहीत. गुणपत्रिकेवरची वर्षं तपासणाऱ्याला दिसतातच. अर्ज परत येतो, आणि तोवर मुदत संपलेली असते.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला आपल्याकडे सगळे ईबीसी म्हणतात, ती एकाच नावाने अनेक खाती चालवतात. बी.एस्सी.ला असताना तुमचा अर्ज उच्च शिक्षण संचालनालयाकडे जातो, इंजिनिअरिंगला गेलात की तंत्रशिक्षण संचालनालयाकडे. यादीत नाव तेच दिसतं म्हणून मुलं जुन्याच खात्याची योजना निवडतात. योजनेच्या नावावर न थांबता वरचं खातं वाचा.

संस्थास्तरावरची जागा

ही माझी दुसरी ठसठस. पहिल्या चुकीत निदान पुढच्या वर्षी काही करता येतं. इथे बहुतेक वेळा पदवी संपेपर्यंत भोगावं लागतं.

व्यावसायिक अभ्यासक्रमाला ईबीसी सवलत हवी असेल तर प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला लागतो. व्यवस्थापन कोट्यात किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या जागेला ती मिळत नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा शंभर टक्के लाभ दिला. फार मोठी गोष्ट झाली ही. पण अट तीच. प्रवेश कॅपमधून हवा.

त्याच वर्षी आमच्याकडची एक ओबीसी मुलगी बी.एस्सी.चं पहिलं वर्ष करून पुन्हा सीईटीला, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेला, बसली. हुशार पोरगी. कॅपमधून तिला सिव्हिल मिळालं. तिला हवं होतं कॉम्प्युटर. गावातल्या एका प्रवेश सल्लागाराने सांगितलं, "मुलींना आता फी माफच आहे, संस्थास्तरावर कॉम्प्युटर घेऊन टाका." तिने कॅपची जागा सोडली आणि कॉम्प्युटर घेतलं. महाडीबीटीवर कॅपचा क्रमांक मागितला तेव्हा घरात पहिल्यांदा शंका आली. माझ्याकडे आल्या तेव्हा आईच्या हातात पासबुक होतं, त्यातले पैसे किती पुरतील ते विचारायला आलेल्या. सल्लागाराने फोन उचलणं बंद केलं होतं. मुलगी आज शैक्षणिक कर्जावर शिकतेय. शिकेलही, पण त्या घरावर ते कर्ज यायचं काही कारण नव्हतं.

जागा वाटपाच्या पत्रावर प्रवेशाचा प्रकार छापलेला असतो. फी भरायच्या आधी ती ओळ बोट ठेवून वाचा, समजली नाही तर कॉलेजच्या कार्यालयातल्या माणसाकडून लेखी विचारून घ्या. सल्लागाराच्या तोंडी शब्दावर कॅपची जागा सोडू नका. बीसीए, बीबीएच्या मुलांनीही हे ऐकावं. २०२४-२५ पासून या अभ्यासक्रमांना सीईटी आणि कॅप लागू झालंय. बी.एस्सी. सोडून सरळ बीसीएला नाव घालायचे दिवस गेले. आणि अर्जात कॅप म्हणून खोटं लिहायचा सल्ला कुणी दिला तर तिथून उठून या.

दुसऱ्यांदा बदल

मॅट्रिकोत्तरच्या नियमांत कला, विज्ञान, वाणिज्य सोडून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्याला, नापास होऊन गेला तरीही, शिष्यवृत्ती चालू ठेवायची सोय आहे. नियम करणाऱ्यांनी मुलांचा विचार केलेला आहे. पण त्यापुढे आणखी एक बदल चालत नाही. पहिला बदल मित्र गेला म्हणून करणाऱ्यांना हे आवर्जून सांगतो.

तीच पायरी पुन्हा चढणे

बी.ए. पूर्ण करून बी.कॉम., किंवा एका विषयात एम.ए. झाल्यावर दुसऱ्या विषयात एम.ए., याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती नाही.  स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करताना शहरात राहायची सोय व्हावी म्हणून दुसऱ्या एम.ए.ला नाव घालणारी मुलं दर वर्षी येतात. त्यांची अडचण खरी असते, हे मी जाणतो. पण त्या प्रवेशावर पैसे येणार नाहीत, आणि तो हिशेब धरून खोली भाड्याने घेतलेला मुलगा डिसेंबरात अडचणीत येतो.

जात पडताळणी राहून जाणे

बी.एस्सी.ला कुणी वैधता प्रमाणपत्र मागितलं नाही म्हणून ते काढलेलंच नसतं, आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला ते लागतं. बदलायचा नुसता विचार असला तरी जात पडताळणी समितीकडे अर्ज आजच टाका. पूर्व भागातल्या पद्मशाली मुलांनी, म्हणजे विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांनी, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासून कागद जमवायला सुरुवात करावी. तिथेच महिने जातात.

रक्कम तीच राहील असं धरणे

ती राहत नाही. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर योजनेत घरून ये-जा करणाऱ्याला पहिल्या गटातल्या, म्हणजे इंजिनिअरिंगसारख्या, व्यावसायिक पदवीला वर्षाला ७,००० रुपये शैक्षणिक भत्ता आहे, साध्या पदवीला ३,०००. वसतिगृहात राहणाऱ्याला १३,५०० आणि ६,०००. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राची जी मदत राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरून मिळते, तिथेही व्यावसायिक पदवीला २५,००० आणि साध्या पदवीला ६,००० असा फरक आहे. घरखर्च ठरवायच्या आधी नवा आकडा बघा.

उशिरा प्रवेश रद्द करणे

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या शेवटच्या तारखेआधी किमान पंधरा दिवस प्रवेश रद्द केला तर थोडं प्रक्रिया शुल्क वजा जाता पूर्ण फी परत मिळते. त्यानंतर ९०, ८०, ५० टक्के अशी ती घसरत जाते, आणि शेवटच्या तारखेनंतर तीस दिवस उलटले की काहीच मिळत नाही. 'बघू, दिवाळीपर्यंत जमतंय का' असं म्हणणाऱ्यांनी ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. नव्या कॉलेजजवळ नवं खातं उघडलं तर आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते बँकेत जाऊन बघा, पैसे तिथेच जातील. ईबीसीला शिक्षणात दोन किंवा अधिक वर्षांचा खंड चालत नाही, आणि नियमित पूर्णवेळ अभ्यासक्रमच लागतो, म्हणून मुक्त विद्यापीठात जायच्या आधी हिशेब करा. त्याच योजनेत एका घरातल्या दोनच अपत्यांना लाभ आहे, तेव्हा थोरल्याच्या बदललेल्या कोर्सचा विचार करताना धाकटीचाही करा. 

बदलायचं ठरत असेल तर निकाल लागल्याबरोबर तुमच्या कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जा, ऑगस्टची वाट बघू नका. जाताना जुना अर्ज क्रमांक, सगळ्या गुणपत्रिका, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाईल घेऊन जा, कारण ओटीपी त्याच नंबरवर येतो. तो नंबर वडिलांचा असेल आणि ते कामावर असतील, तर त्यांची सुट्टी असेल त्या दिवशी दोघं मिळून जा.